न्यायमूर्तींचें शेवटचें दुखणें

वैजापुराहून पश्चिमेची वाट धरून येवलें ओलांडलें म्हणजे पुढें निफाड लागतें. आपल्या तालुक्यांतील पुष्कळ शेतांस ज्या जलद कालव्याचें पाणी मिळतें, तो कालवा त्याच निफाड तालुक्यांतील नांदूर-मधमेश्वर येथील बंधाऱ्यावरून, गोदावरी व कादवा ह्या नद्यांच्या संगमाजवळून निघतो. ज्या भागाशीं आपला असा पाण्याचा संबंध आहे, त्या निफाडांत ता. १८ जानेवारी १८४२ रोजीं महादेव गोविंद रानडे ह्यांचा जन्म झाला. पुढें न्यायमूर्ति रानडे ह्या नांवानें सर्व हिंदुस्थान ज्यांस ओळखूं लागला, ते हेच. त्यांचीं चरित्रें पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यावरील एखादा धडा बहुतेक विद्यार्थ्यांच्या वाचनांत आलेला असतो. परंतु ज्या दुखण्यानें ते गेले, त्याविषयीं त्या धड्यांत एका ओळीपलीकडे सहसा कांहीं नसतें. तें दुखणें आज आपल्याकडे वारंवार ऐकूं येतें. म्हणून ह्या लेखांत न्यायमूर्तींच्या चरित्राबरोबर त्या दुखण्याचीही हकीकत सांगण्याचें योजिलें आहे.

महादेव दोन-अडीच वर्षांचा असतांना घरची मंडळी बैलगाडीनें रात्रीचा प्रवास करून कोल्हापुराकडे चालली होती. वाटेंत धक्का बसून झोपलेलें मूल गाडींतून खालीं पडलें व गाडी तशीच पुढें गेली. कोणासच कळलें नाहीं. मागून काका घोड्यावरून येत होते. त्यांची चाहूल लागतांच मुलानें हांक मारली, म्हणून तें सांपडलें. एरवीं हा मुलगा इतका अबोल व संथ असे कीं, ह्याचें पुढें कसें होणार अशी घरच्यांस काळजी वाटे. त्या रात्रीं त्यानें हांक मारली खरी. पण पुढील सबंध आयुष्यांत स्वतःसाठीं हांक मारण्याची संवय त्यांनीं स्वतःस लावून घेतली नाहीं. वाचकांनीं हें लक्षांत ठेवावें.

वडील गोविंदराव कोल्हापूर संस्थानांत नोकरीस होते, त्यामुळें प्रथमचें शिक्षण तेथेंच झालें. १८५६ सालीं, वयाच्या चौदाव्या वर्षीं, महादेवराव मुंबईस एल्फिन्स्टन विद्यालयांत आले. पुढल्याच वर्षीं मुंबईचें विश्वविद्यालय स्थापन झालें, आणि त्याच्या पहिल्या परीक्षा जणूं ह्या विद्यार्थ्याचीच वाट पाहत होत्या. १८५९ सालच्या पहिल्या मॅट्रिक परीक्षेंत उतरलेल्या २१ जणांत ते होते. १८६२ सालीं पहिले पदवीधर बाहेर पडले, त्यांत त्यांचें व रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचें नांव होतें. १८६४ सालीं ते एम्. ए. झाले व १८६६ सालीं एल्एल्. बी. मराठ्यांच्या राज्यकारभाराची इंग्रजी अमलाशीं तुलना करून मराठ्यांच्या बाजूनें निबंध लिहिल्यामुळें प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट रागावले, व सहा महिने त्यांची शिष्यवृत्ति बंद झाली. तरी ग्रँटसाहेबांविषयींचा त्यांचा आदर कमी झाला नाहीं. वाचनाचा अतिरेक मात्र डोळ्यांस भोंवला. डोळे अधू झाले ते कायमचेच, आणि पुढें वर्तमानपत्रें व पुस्तकें दुसऱ्यांकडून वाचवून घेण्याची पाळी आली. विद्यार्थी मित्रहो, ह्या एका बाबतींत न्यायमूर्तींचें अनुकरण करूं नये, असें मला शिक्षक ह्या नात्यानें म्हणावेंसें वाटतें.

१८७१ सालीं ते पुण्यास पहिल्या वर्गाचे सबॉर्डिनेट जज्ज झाले. तेथून पुढच्या तीस वर्षांत त्यांनीं काय केलें ह्याची नुसती यादी द्यावयाची म्हटलें तरी पानें पुरणार नाहींत. सार्वजनिक सभा व तिचें त्रैमासिक, प्रार्थनासमाज, वसंत व्याख्यानमाला, १८८४ सालीं पुण्यास निघालेली मुलींची इंग्रजी शाळा, १८८५ सालची राष्ट्रीय सभा, १८८७ सालची सामाजिक परिषद, ह्या सर्वांमागें त्यांचा हात होता, आणि पुष्कळदां पुढें दिसणारें नांव दुसऱ्याचें असे. सरकारास त्यांचा संशय येई. १८७८ सालीं नाशकास व १८७९ सालीं धुळ्यास त्यांच्या बदल्या झाल्या, त्या काळीं त्यांच्या टपालावरही सरकारची नजर असे. त्यांनीं तक्रार केली नाहीं. १८८७ सालीं ते दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारण कायद्याखालीं खास न्यायाधीश झाले, तेव्हां पुणें, सातारा, सोलापूर व नगर ह्या चार जिल्ह्यांतून त्यांस सारखी फिरती करावी लागली. आपल्या तालुक्याची शीव नगर जिल्ह्यास लागून आहे. तेथील कुणब्यांच्या कर्जखतांचीं दफ्तरें ह्या अधू डोळ्यांच्या न्यायाधीशानें तपासलीं. १८९३ सालीं न्यायमूर्ति काशिनाथ त्र्यंबक तेलंग वारले, व त्यांच्या जागीं रानडे मुंबईच्या हायकोर्टांत गेले. तेथेंही दिवसा न्यायासनाचें काम, आणि सकाळ-संध्याकाळ लोकांचें काम, हा क्रम मोडला नाहीं. मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरील त्यांचा प्रसिद्ध इंग्रजी ग्रंथ १९०० सालीं, म्हणजे मृत्यूपूर्वीं वर्षभर आधींच, बाहेर पडला.

शरीरानें ते धिप्पाड होते, व कपड्यांविषयीं बेफिकीर. झोंप थोडी. १८९७ सालीं अमरावतीची राष्ट्रीय सभा आटोपून परत येतांना आगगाडीच्या डब्यांत पहाटे चार वाजतां गोपाळ कृष्ण गोखल्यांस जाग आली, तों न्यायमूर्ति उठून बसलेले, हातानें टाळी वाजवून तुकोबांचे अभंग म्हणत आहेत, असा देखावा त्यांच्या दृष्टीस पडला. ही आठवण गोखल्यांनीं पुढें जाहीरपणें सांगितली. घरांत रमाबाई होत्या. १८७३ सालीं, अकरा वर्षांच्या असतां, त्या ह्या घरांत आल्या. अक्षरओळखीपासून इंग्रजीपर्यंत सर्व कांहीं त्या पतीजवळ शिकल्या. वाचून दाखविणें, पत्रें लिहून घेणें, हीं कामें त्यांचीं. आणि चेहऱ्यावरून दुखणें ओळखणें हेंही त्यांचेंच काम, कारण तोंडानें तें सांगितलें जात नसे.

१९०० सालच्या उत्तरार्धांत न्यायमूर्तींच्या छातींत कळा येऊं लागल्या. त्या वर्षीं डिसेंबरांत राष्ट्रीय सभा व तिच्या मांडवांत भरणारी सामाजिक परिषद लाहोरास होती. परिषद निघाल्यापासून तिला ते कधीं चुकले नव्हते. जाण्याची सर्व तयारी झाली होती. पण दुखण्यानें उचल खाल्ली व डॉक्टरांनीं प्रवासास मनाई केली. आपलें लिहिलेलें भाषण त्यांनीं गोखल्यांबरोबर पाठवून दिलें, व तें लाहोरास वाचून दाखविण्यांत आलें. स्वतःच्या जाण्यास अडथळा आला ह्याचें त्यांस किती वाईट वाटलें असेल, हें त्यांचें चरित्र वाचणारास सांगावयास नको.

ह्या दुखण्यास वैद्यकांत हृच्छूल म्हणतात. इंग्रजींतील त्याचें वैद्यकीय नांव अंजायना. त्याचें पहिलें चांगलें वर्णन विल्यम हेबर्डन ह्या लंडनच्या वैद्यानें १७६८ सालीं केलें. चालतांना, विशेषतः चढण चढतांना किंवा जेवणानंतर चालतांना, छातींत आवळल्यासारखी वेदना होते, व माणूस उभा राहिला कीं ती थांबते, हें त्यानें बरोबर टिपलें. पण कारण त्यास सांगतां आलें नाहीं. कारण ओळखलें तें देवीची लस शोधणाऱ्या एडवर्ड जेन्नर ह्यानें. अशा रोगानें मेलेल्या माणसांचीं हृदयें तपासतांना, हृदयास रक्त पुरविणाऱ्या वाहिन्या टणक व अरुंद झालेल्या त्याच्या दृष्टीस पडल्या. परंतु त्याचे गुरु, प्रख्यात शस्त्रवैद्य जॉन हंटर, ह्यांस तोच रोग जडला होता. गुरूंस आपलें भवितव्य कळून धक्का बसेल, ह्या विचारानें शिष्यानें तो शोध प्रसिद्ध केला नाहीं. हंटर ह्यांस राग आला कीं कळ येई. १७९३ सालच्या १६ आक्टोबरास रुग्णालयाच्या सभेंत वाद झाला, ते रागानें बाहेर आले, व तेथेंच गतप्राण झाले. शवविच्छेदन झालें तेव्हां वाहिन्या हाडासारख्या कठीण झालेल्या निघाल्या. म्हणजे रोगाचें कारण पाहावयाचें तर रोगी आधीं मरावा लागे, अशी त्या विद्येची स्थिति होती.

रानड्यांच्या वेळेपर्यंत ती फारशी पालटली नव्हती. छातीस लावून ऐकण्याची नळी होती. कळ थोडी शमविणारें नायट्रोग्लिसरीन १८७९ सालापासून माहीत झालें होतें. राँटजेन ह्यांनीं क्ष-किरण शोधले होते, पण त्यांत हाडें दिसत, हृदयाचें रक्त दिसत नसे. हॉलंड देशांत लायडन येथें विलेम आइंटहोव्हेन हे हृदयाची वीज मोजण्याच्या यंत्रामागें लागले होते; त्या यंत्राचें पहिलें वर्णन १९०१ सालीं छापलें गेलें, ज्या वर्षीं न्यायमूर्ति वारले त्याच वर्षीं. मुंबईंतील डॉक्टर कितीही कुशल असला, तरी त्याच्यापुढें रोग्याच्या सांगण्यावांचून दुसरा पुरावा नव्हता. आणि हा रोगी सांगणारा नव्हता.

ह्या रोगाची एक खोडी आहे, ती समजली म्हणजे बाकीचें सोपें होतें. त्यासाठीं आपल्या कालव्याकडेच पाहूं. एखाद्या चारीच्या तोंडाशीं गाळ व गवत माजलें आहे असें समजा. पावसाळ्यांत पाण्याची मागणी थोडी असते. तेव्हां त्या अरुंद तोंडांतूनही पुरेसें पाणी जातें, व शेत हिरवें दिसतें. पाहणारास वाटतें, चारी ठीक आहे. चैत्रांत सर्वांस एकदम पाणी हवें असतें. तेव्हां इतर चाऱ्या भरभरून वाहतात, आणि ह्या एका चारीवरचें टोकाचें शेत कोरडें राहतें. हृदयाचें असेंच आहे. त्याच्या स्वतःच्या रक्तवाहिन्या तीन-चार मिलिमीटर रुंदीच्या. एखादी अर्ध्याहून अधिक बुजली, तरी पुढच्या बारीक वाहिन्या आधींच रुंद होऊन तूट भरून काढतात, आणि स्वस्थ पडलेल्या माणसाच्या हृदयास रक्त पुरतें. निरोगी हृदयांत गरजेच्या वेळीं हा प्रवाह तीन-चार पटींनीं वाढूं शकतो. बुजलेल्या वाहिनींत तो वाढत नाहीं. म्हणून रोग विसांव्यांत लपतो व श्रमांत प्रकट होतो. खाटेवर निजवून काढलेला हृदयाचा आलेख कित्येकदां अगदीं निर्दोष येतो, तो ह्याच कारणानें.

तेव्हां युक्ति ही कीं, सर्व चाऱ्यांचीं दारें एकदम उघडावयाचीं, आणि कोणतें शेत कोरडें राहतें तें वरून पाहावयाचें. हल्लीं एम्. आर. आय. यंत्रानें हेंच करतात. लोहचुंबकाच्या साहाय्यानें शरीराच्या आंतील चित्र काढण्याची ही पद्धति पॉल लॉटरबर ह्यांनीं १९७३ सालीं दाखविली, व २००३ सालीं पीटर मॅन्सफील्ड ह्यांच्याबरोबर त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. ह्यांत क्ष-किरण मुळींच नसतात. यंत्रांतील चुंबक मात्र प्रचंड असतो. साधारण रुग्णालयांतील चुंबकाचा जोर पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारें ३०,००० पट भरतो.

ह्या परीक्षेस ताणावस्थेंतील रक्तसिंचन-चित्रण म्हणतां येईल. आदल्या दिवसापासून चहा-कॉफी बंद ठेवावी लागते, कारण औषधाचा परिणाम तीं मारतात. रोग्यास यंत्राच्या बोगद्यांत निजवितात. शिरेंतून अ‍ॅडिनोसिन नांवाचें औषध तीन-चार मिनिटें सोडतात; त्यानें हृदयाच्या बारीक वाहिन्या पूर्ण उघडतात. तोंड गरम होतें, दम लागल्यासारखें वाटतें, छाती जड होते. पण औषध थांबवितांच हें सर्व लवकर निवळतें, व डॉक्टर जवळ असतो. मग गॅडोलिनियम ह्या धातूचें द्रावण शिरेंत देतात, व श्वास रोखावयास सांगून ठोक्यागणिक हृदयाच्या निरनिराळ्या कापांचीं चित्रें घेतात. जेथें रक्त पोहोंचतें तो स्नायु चित्रांत उजळतो; जेथें पोहोंचत नाहीं तेथें काळी पट्टी राहते. तीच आपली कोरडी शेतें. कांहीं वेळानें, औषध उतरल्यावर, पुन्हा चित्रें काढून दोन्हींची तुलना करतात. पूर्वीं झटका येऊन स्नायूचा एखादा भाग मेलेला असेल, तर उशिरां घेतलेल्या चित्रांत तो पांढरा दिसतो. म्हणजे तहानलेलें शेत कोणतें व नापीक झालेलें कोणतें, हेंही कळतें. सबंध परीक्षेस पाऊण ते एक तास लागतो.

ही कितपत भरंवशाची, हें तपासून पाहिलें गेलें आहे. इंग्लंडांत लीड्स येथें ७५२ रोग्यांवर झालेल्या व २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत, वाहिन्या खरोखर अरुंद असलेल्या दर १०० रोग्यांपैकीं सुमारें ८६ जणांचा रोग ह्या पद्धतीनें ओळखूं आला; किरणोत्सर्गी औषधाच्या जुन्या चित्रणानें सुमारें ६६ जणांचा. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासांत ९१८ रोगी होते. त्यांत हृदयापर्यंत नळी घालून तपासलेल्यांची व ह्या चित्रणानें तपासलेल्यांची वर्षभरांतील स्थिति सारखीच चांगली राहिली, आणि चित्रणाच्या गटांत शस्त्रक्रिया किंवा वाहिनी रुंद करण्याचा उपाय कमी जणांवर करावा लागला. तथापि ही परीक्षा सर्वांसाठीं नाहीं. ज्यांच्या शरीरांत जुन्या प्रकारचें हृदय-ठोक्याचें यंत्र बसविलेलें आहे, डोळ्यांत लोखंडाचा कण गेलेला आहे, दमा फार आहे किंवा मूत्रपिंडें निकामी होत आलीं आहेत, त्यांनीं तें डॉक्टरांस आधीं सांगितलें पाहिजे. ती लहान गांवांत होत नाहीं, खर्चही बराच येतो, आणि ती कोणास करावी हें हृदयरोगाचा डॉक्टर ठरवितो. स्वस्थ बसलें असतां छातींत जोराची कळ येऊन घाम सुटला, तर ह्या परीक्षेचा विचारही करीत बसूं नये; तसेंच उठून रुग्णालय गांठावें.

येथें थोडें स्वतःचें सांगतों. प्रस्तुत लेखकाचे वडील आठवड्याच्या बाजारांतून पिशवी घेऊन येतांना शेवटीं शेवटीं वाटेंत दोनदां थांबत. विचारलें असतां पित्त झालें आहे असें सांगत, व आम्ही त्यांस सोडा देत असूं. थांबल्यावर बरें वाटतें, एवढी एक गोष्ट ते अगदीं खरी सांगत होते. तिचा अर्थ लावणारें घरांत कोणी नव्हतें. मीं तेव्हां पदवीधर होतों, रानड्यांचें चरित्र वर्गांत शिकवीत होतों. पित्त नव्हतें हें आम्हांस फार उशिरां कळलें. ह्या अंकाचे वाचक असलेल्या मातापित्यांपैकीं कोणी असे वाटेंत थांबत असतील, तर त्यांच्या मुलांनीं मजप्रमाणें सोडा आणून देऊं नये, एवढ्यासाठीं हें लिहिलें.

न्यायमूर्तींनीं १९०१ च्या जानेवारींत कोर्टाची रजा घेतली. पण रजा म्हणजे विश्रांति नव्हे; पत्रें लिहविणें, वाचून घेणें, आलेल्या माणसांशीं बोलणें हें चालूच राहिलें. जेथें थांबलें असतां कळ थांबते, तेथें थांबणें हेंच ज्याच्या स्वभावांत नाहीं, अशा माणसास तो रोग जडला होता. त्या काळीं त्यांच्या हृदयाचें चित्र निघालें असतें, तर रमाबाईंस ज्याची कल्पना चेहऱ्यावरून करावी लागे तें प्रत्यक्ष दिसलें असतें. तें दिसल्यावरही लाहोरास जाण्याचा हट्ट त्यांनीं सोडला असता कीं नाहीं, ह्याविषयीं मला शंका आहे.

ता. १६ जानेवारी १९०१ रोजीं रात्रीं कळ आली ती शेवटची. एकुणसाठ वर्षें पुरीं होण्यास दोन दिवस उरले होते. हायकोर्टांतील त्यांच्या जागीं नारायण गणेश चंदावरकर आले, तेच ज्यांच्या अध्यक्षतेखालीं लाहोरची राष्ट्रीय सभा भरली होती. रमाबाईंनीं पुढें पुण्यास स्त्रियांच्या शिक्षणासाठीं सेवासदन उभें केलें. आणि पतीच्या सहवासाच्या त्यांच्या आठवणींचें मराठी पुस्तक १९१० सालीं छापलें गेलें. त्या शेवटच्या दिवसांची हकीकत आज आपणांस वाचावयास मिळते, ती मुख्यतः त्यांच्याच लेखणींतून.